उज्जैनचा सरदारवाडा: शिंद्यांच्या राजधानीतील निवास आणि वास्तू

क्षिप्रेच्या काठावरचे उज्जैन हे सुमारे ऐंशी वर्षे शिंदे घराण्याचे मुख्य ठाणे होते. १७३०च्या दशकात राणोजी शिंदे यांनी येथे बस्तान बसवले आणि १८१०मध्ये दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली नवी राजधानी वसवली. या काळात शहराला महाकालेश्वराचे नवे मंदिर आणि क्षिप्रेचे बांधीव घाट मिळाले. राजधानी गेल्यावरही घराण्याकडून बांधकामे होत राहिली. बाजाराच्या मध्यावरचे गोपाल मंदिर त्यांतलेच. ही सारी आजही उज्जैनची ओळख आहेत. हे उभारणाऱ्या सरदारांचे स्वतःचे घर मात्र शहरात सहज नजरेस पडत नाही. मराठा सरदाराचे जगणे, सरंजामाची पद्धत, बांधकामाचे साहित्य आणि देवाला दिलेला मान या चार गोष्टींनी उज्जैनमधील सरदारनिवासाचा इतिहास घडवला. घरासाठी वीट आणि लाकूड, देवासाठी आणि नदीसाठी दगड, असा त्या इतिहासाचा सारांश सांगता येतो.

सरदार आणि सरंजाम

मराठेशाहीत सरदार म्हणजे स्वतःची फौज बाळगून धन्याच्या चाकरीस हजर राहणारा सेनानी. या फौजेच्या खर्चासाठी त्याला मुलखाचा वसूल नेमून दिला जाई. त्या नेमणुकीला सरंजाम म्हणत. युरोपातील मध्ययुगीन नाइटाशी त्याची तुलना करता येते. घोडा, हत्यार आणि चाकरीच्या बदल्यात जमिनीचे उत्पन्न ही व्यवस्था दोन्हीकडे सारखी दिसते. निवासाच्या बाबतीत मात्र फरक आहे. युरोपातील नाइटाची सत्ता त्याच्या दगडी गढीभोवती एकवटलेली असे. ऱ्होड्स बेटावरील हॉस्पिटलर नाइटांनी तर भाषावार गटांसाठी दगडी निवासांची अख्खी गल्लीच बांधली. मराठा सरदाराची सत्ता त्याच्या घोडदळाबरोबर फिरत असे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौज मोहिमेवर निघे आणि पावसाळ्यापूर्वी परते. मोहीम लांबली तर छावणी परमुलखातच पडे. त्यामुळे सरदाराच्या आयुष्यातील मोठा भाग कापडी छताखाली जाई.

राणोजी शिंदे हे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. साध्या चाकरीतून वर येत ते थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या विश्वासातील सेनानी झाले. त्यांच्या घराण्यातील पुढच्या पिढीचा हिशेब पाहिला, तर या मंडळींना घरात राहण्याची उसंत किती थोडी मिळाली हे कळते. जयाप्पा १७५५मध्ये नागोरच्या वेढ्यात मारले गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी यमुनाकाठी बुराडी घाटावर पडले. तुकोजी १७६१च्या पानिपतात गेले आणि जयाप्पांचे पुत्र जनकोजीही. महादजी पानिपतातून जखमी होऊन वाचले आणि पुढे तीन दशके उत्तर हिंदुस्थानच्या राजकारणाचे केंद्र बनले. ज्या घरातील इतके पुरुष रणांगणावर गेले, त्या घराचा इतिहास वाड्याबरोबर डेऱ्यातूनही सांगावा लागतो.

माळव्यातील आगमन

माळवा हा दख्खन आणि दिल्ली यांमधील दुवा. नर्मदा उतरून उत्तरेस जाणाऱ्या फौजेला हा मुलूख ओलांडावाच लागे. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांनी अमझेऱ्याच्या लढाईत मोगल सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा नातलग दया बहादूर यांचा पराभव केला. दोघेही त्या लढाईत मारले गेले. त्यानंतर मराठ्यांनी उज्जैनला वेढा घातला, पण शहर त्या वेळी हाती आले नाही. पुढील काही वर्षांत माळव्याच्या वसुलाची शिंदे, होळकर आणि पवार यांच्यात वाटणी झाली. पवारांकडे धार आणि देवास, होळकरांकडे इंदूर आणि शिंद्यांकडे उज्जैन अशी ठाणी आली. १७३७च्या भोपाळच्या लढाईनंतर जानेवारी १७३८मध्ये दुराई सराईचा तह झाला आणि १७४१मध्ये मोगल बादशहाकडून माळव्याचा कारभार पेशव्यांकडे रीतसर सोपवला गेला.

उज्जैनची निवड केवळ भूगोलामुळे झाली नाही. शहर मोठ्या बाजारपेठेचे होते आणि मोगल सुभ्याचे ठिकाण होते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी महाकालेश्वर येथे आहे. नाशिकप्रमाणे येथेही सिंहस्थ भरतो. याच शहरात जयपूरचे सवाई जयसिंह यांनी माळव्याचे सुभेदार असताना वेधशाळा उभारली होती. १२३५च्या सुमारास इल्तुतमिशच्या स्वारीत महाकालाचे प्राचीन मंदिर उद्ध्वस्त झाले होते. तेथे पूर्वीच्या वैभवाचे मंदिर पुन्हा उभारणे हे नव्या सत्तेच्या दृष्टीने आपल्या आगमनाची सर्वांत मोठी खूण ठरणार होते. म्हणूनच उज्जैनमधील शिंदेकालीन बांधकामाची सुरुवात देवळापासून झाली.

डेरा: फिरता वाडा

मराठा सरदाराचे पहिले निवासस्थान म्हणजे त्याचा डेरा. डेरा ही घाईने टाकलेली राहुटी नव्हे. त्याला ठरलेला आराखडा असे. १८०९मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरलेल्या टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतून या आराखड्याचे चित्र मिळते. फौजेच्या पुढे बिनीवाले जात. ते मुक्कामाची जागा निवडत आणि महाराजांच्या डेऱ्याची व बाजारांची जागा निशाणे रोवून दाखवत. त्या निशाणांच्या आधारे लांब सरळ बाजाररस्ते आखले जात आणि प्रत्येक सरदाराचा तळ ठरलेल्या जागी पडे. त्यामुळे मुक्काम बदलला तरी छावणीत कोणाला कोठे शोधायचे हे सर्वांना ठाऊक असे.

महाराजांच्या मुख्य डेऱ्याभोवती कनाती लावून आवार केलेले असे. त्याच्या तोंडाशी देवडी म्हणजे पहाऱ्याची जागा. आत पुढच्या बाजूस दरबाराचा मोठा तंबू, त्यामागे खासगीचे तंबू आणि सर्वांत आत स्त्रियांचा गोट. बाजूला जामदारखाना (खजिना), सिलेखाना (शस्त्रे), मुदपाकखाना (स्वयंपाक), पागा (घोडे) आणि पिलखाना (हत्ती). देवडी, सदर, खासगी, कारखाने आणि पागा हा क्रम पुढे विटा-लाकडाच्या वाड्यातही तसाच दिसतो. छावणी आणि वाडा ही एकाच व्यवस्थेची दोन रूपे होती. एक कापडात उभे राही, दुसरे लाकडात.

सरदारवाड्याची रचना

देशावरील सरदारवाडा हा चौकाभोवती बांधलेला असतो. बाहेरून पाहणाऱ्याला प्रथम उंच, जवळजवळ बंद भिंत आणि भक्कम दरवाजा दिसतो. दरवाजाच्या मोठ्या फळ्यांत माणसापुरती लहान दिंडी असते. रात्री मोठा दरवाजा आतून अडसर घालून बंद केला, तरी दिंडीतून एकेकाला आत घेता येते. चौकटीच्या माथ्यावर गणेशपट्टी असते. मोठ्या सरदाराच्या दरवाजावर नगारखाना असतो आणि दरवाजाच्या आत दोन्ही बाजूंस पहारेकऱ्यांच्या देवड्या असतात.

पहिला चौक बाहेरच्या लोकांसाठी असतो. त्याच्या एका अंगाला सदर, म्हणजे जेथे सरदार बसून कारभार पाही, निवाडे करी आणि भेटी घेई ती उंचावरची मोकळी जागा. तिला लागून फडणीस आणि कारकुनांची दफ्तरे. दुसरा चौक कुटुंबाचा. त्याच्या भोवती ओसरी, माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर. चौकात तुळशीवृंदावन, हौद किंवा आड. आणखी मागे कोठारे, तबेले आणि परसू. दरवाजापासून जितके आत जावे, तितकी जागा अधिक खासगी होत जाते. चौकामुळे ऊन, वारा आणि पावसाचे पाणी घराच्या मध्यभागी येते. बाहेरच्या भिंतीला खिडक्या थोड्या असल्या तरी आतील प्रत्येक खोली चौकाकडे उघडत असल्याने उजेडाची उणीव राहत नाही.

बांधकामाची मूळ रीत अशी: खाली घडीव दगडाचे उंच जोते, त्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब आणि खांबांवर तुळया. दोन खांबांमधील अंतराला खण म्हणतात आणि घराचा आकार खणांच्या संख्येने सांगितला जातो. खांबाच्या माथ्यावर कोरीव हस्त असतात आणि दोन खांबांच्या मध्ये लाकडी महिरप बसवतात. सुरूच्या झाडासारखा खाली फुगीर आणि वर निमुळता होत जाणारा सुरूदार खांब ही पेशवेकालीन वाड्याची ओळखीची खूण. मोगल वास्तूतील हा दगडी आकार मराठी सुतारांनी लाकडात उतरवला. वरच्या मजल्याच्या तक्तपोशीला कडीपाट असतो. भिंती पातळ भाजक्या विटांच्या, चुन्यात रचलेल्या आणि चुन्याच्याच गिलाव्याच्या. भिंतीत कोनाडे आणि खुंट्या. छत उतरते असेल तर कौलांचे, सपाट असेल तर धाब्याचे.

या रचनेत घराचा भार लाकडी सांगाड्यावर असतो. घर लवकर उभे राहते, वाढवता येते आणि भिंत पाडून खोली मोठी करता येते. ज्याचा सरंजाम राजकारणाच्या चढउताराबरोबर वाढू किंवा घटू शकतो, अशा माणसाला हे सोयीचे होते. तोटाही तितकाच ठळक आहे. लाकडाला आग आणि वाळवी या दोघांचे भय. पुण्यातील शनिवारवाड्याची लाकडी इमारत २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत नष्ट झाली आणि तटबंदी आणि जोती तेवढी राहिली. उज्जैनपासून जवळच असलेला इंदूरचा होळकरांचा राजवाडा हे याचे दुसरे उदाहरण. त्याचे सात मजले असून खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. तो १८०१, १९०८ आणि १९८४ अशा तीन वेळा आगीत सापडला.

माळव्यात आलेल्या मराठी कारागिरांना साहित्य परके वाटण्याचे कारण नव्हते. माळव्याचे पठारही देशाप्रमाणे ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणाचे आहे. विंध्य आणि सातपुड्याच्या जंगलांतून सागवान मिळे. त्यामुळे जोते, खांब आणि चौक यांची देशावरची पद्धत येथे फारसा बदल न करता रुजली. त्यात माळवा आणि राजस्थान यांच्या सीमाभागातील झरोके, छत्र्या आणि कमानी यांची भर पडली. या मिश्रणालाच मराठा काळातील माळव्याची शैली म्हणता येते.

शहरातील शिंद्यांचा वाडा

उज्जैनमधील शिंद्यांच्या वाड्याचे उपयुक्त वर्णन विल्यम हंटर या वैद्याने केले आहे. तो १७९२मध्ये इंग्रज वकिलाच्या लवाजम्याबरोबर आग्र्याहून उज्जैनला आला होता. शहराभोवती तेव्हा गोल बुरुजांची दगडी तटबंदी होती. मुख्य बाजाराचा रस्ता रुंद, सरळ आणि फरसबंद होता. त्याच्या दोन्ही बाजूंची घरे दुमजली होती. पाच-सहा पायऱ्या चढून जावे लागे अशा खालच्या दगडी मजल्यात दुकाने आणि वरच्या विटांच्या किंवा लाकडी मजल्यात राहती जागा. दगडावर लाकूड चढवण्याची हीच रीत सावकाराच्या घरापासून सरदाराच्या वाड्यापर्यंत सर्वत्र होती.

शिंद्यांचा वाडा ऐसपैस आणि सोयीचा होता, पण त्यात डोळे दिपवणारे वैभव नव्हते. तो इतर इमारतींनी इतका वेढलेला होता की रस्त्यावरून त्याचा थोडाच भाग दिसे. त्याच्या जवळच एका जुन्या किल्ल्याचे दार उभे होते आणि लोक त्याचा संबंध विक्रमादित्यानंतरच्या काळाशी जोडत. महाकाल मंदिराजवळच्या चौबीस खंबा या प्राचीन दाराशी हे वर्णन जुळते. त्यावरून वाडा महाकालाच्या परिसरातच होता असे दिसते. महाकाल मंदिराशेजारील वास्तूला आजही महाराजवाडा म्हणतात. जागेचे हे नाव जुन्या निवासाची आठवण टिकवून आहे.

या वर्णनाचे महत्त्व मोठे आहे. १७९२ हे महादजी शिंद्यांच्या सत्तेच्या शिखराचे वर्ष. १७८४पासून दिल्लीच्या बादशाहीचा कारभार त्यांच्या हाती होता. द बॉइन या युरोपीय सेनानीने उभारलेल्या कवायती पलटणी त्यांच्याकडे होत्या. हिंदुस्थानातील एवढा सामर्थ्यवान सेनानी, पण त्याचे राजधानीतील घर गल्लीत दडलेले आणि साधे. महादजींचा बहुतेक काळ मथुरा, दिल्ली आणि राजपुतान्यातील छावण्यांत गेला. १७९२मध्ये ते पुण्यास गेले आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीच्या तळावर वारले. त्यांच्या दहनाच्या जागी पुढे शिंद्यांची छत्री उभी राहिली. जन्मभर डेऱ्यात राहिलेल्या या पुरुषाची सर्वांत सुंदर दगडी वास्तू त्याच्या मृत्यूच्या मुक्कामी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात जामगावलाही महादजींचा वाडा आहे. देशावरची वतने आणि उत्तरेतील सरंजाम अशी शिंद्यांची दोन घरे होती. उज्जैन त्यांतील दुसऱ्याचे केंद्र होते.

देवासाठी दगड

वाड्याच्या तुलनेत देवस्थानांवरचा खर्च वेगळाच भाव दाखवतो. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी १७३०च्या दशकात महाकालेश्वर मंदिराची पुनर्बांधणी केली. हे मंदिर तीन पातळ्यांवर आहे. सर्वांत खाली जमिनीच्या पातळीखाली महाकालेश्वराचे गर्भगृह, त्यावर ओंकारेश्वर आणि सर्वांत वर केवळ नागपंचमीला उघडणारे नागचंद्रेश्वर. उंच शिखर माळव्याच्या जुन्या भूमिज परंपरेची आठवण देते. मंडप आणि ओवऱ्यांची मांडणी मराठा पद्धतीची आहे. बाजूला कोटितीर्थ कुंड आहे. सरदाराच्या घराण्यातर्फे त्याच्या दिवाणाने हे काम करावे, यालाही अर्थ आहे. सरदार मोहिमेवर असताना शहराचा कारभार दिवाण पाही. त्यामुळे उज्जैनच्या उभारणीत तलवारीबरोबर दौतीचाही वाटा आहे.

मंदिराबरोबर नदीची व्यवस्था लागली. नाशिकचे साधू सिंहस्थासाठी उज्जैनला यावेत म्हणून राणोजींनी आमंत्रण दिले आणि तेथून येथील मेळ्याला आजचे रूप आले, अशी परंपरा आहे. मेळा म्हटला की हजारो माणसांचे स्नान. त्यासाठी पायऱ्या, ओवऱ्या, धर्मशाळा आणि अन्नछत्रे लागतात. रामघाटाच्या परिसरातील दगडी पायऱ्या आणि देवळे याच गरजेतून वाढली. राणोजी १७४५मध्ये शुजालपूर येथे वारले. त्यांच्या स्मरणार्थ उज्जैनला रामघाटावर छत्री आहे. तिच्या शेजारून आजही यात्रेकरू पाण्यात उतरतात.

घराण्यातील स्त्रियांनी हा वारसा पुढे नेला. कागलच्या सर्जेराव घाटगे यांची कन्या आणि दौलतरावांची पत्नी बायजाबाई शिंदे यांनी १९व्या शतकात बाजाराच्या मध्यावर द्वारकाधीशाचे मंदिर बांधवले. शहर त्याला गोपाल मंदिर म्हणते. उंच जोते, रस्त्याकडचा भक्कम दरवाजा, आत मोकळा चौक आणि चौकाच्या पलीकडे देव अशी त्याची मांडणी आहे. ती पाहणाऱ्याला वाड्याची ओळख लगेच पटते. येथे सदरेच्या जागी सभामंडप आणि देवडीच्या जागी मंदिराची ड्योढी आहे. आतील भाग संगमरवरी असून दारे चांदीने मढवलेली आहेत. ही दारे सोमनाथची असून महादजींनी ती परत आणली, अशी आख्यायिका सांगितली जाते. याच बायजाबाईंनी १८२८मध्ये काशीला ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडप बांधवला.

वाड्याची शिस्त देवाच्या सेवेतही उतरली. श्रावणात दर सोमवारी महाकालाची पालखी शहरातून निघते. तिला सवारी म्हणतात आणि मंदिराच्या दाराशी तिला सशस्त्र पहाऱ्याची सलामी दिली जाते. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. उज्जैनची सवारी उत्तरेच्या भाद्रपदातील वद्य पक्षातही चालू राहते, कारण मराठी पंचांगाप्रमाणे तो काळ श्रावणाचाच असतो. शिंद्यांच्या काळातील महिन्याची ही गणना सवारीने आजवर जपली आहे. वैकुंठ चतुर्दशीच्या रात्री महाकालाची पालखी गोपाल मंदिरात येते, तेव्हा हरीला बेल आणि हराला तुळस वाहिली जाते. एका घराण्याने वसवलेली दोन स्थाने या रात्री एकमेकांना भेटतात.

उज्जैनचा राजा महाकाल, म्हणून दुसऱ्या राजाने शहरात रात्री मुक्काम करू नये, अशी श्रद्धा येथे दृढ आहे. शिंदे म्हणूनच शहराबाहेर राहत, असेही सांगितले जाते. १७९२मध्ये त्यांचा वाडा शहरातच, महाकालाच्या जवळ होता. त्यामुळे ही श्रद्धा १८व्या शतकातील राहणीचा नियम म्हणून घेता येत नाही. राजधानी हलल्यानंतर घराण्याचा येथील मुक्काम यात्रेपुरता उरला आणि त्या काळाला ती अधिक लागू पडते.

१८०१ आणि राजधानीचे स्थलांतर

शिंदे-होळकर वैराचा फटका दोन्ही घराण्यांच्या शहरांना बसला. जुलै १८०१मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि शहर त्यांच्या हाती सापडले. सूड म्हणून त्याच वर्षी सर्जेराव घाटगे यांनी इंदुरावर चाल केली. शहर लुटले गेले आणि होळकरांच्या राजवाड्याला आग लावली गेली. लाकडी वाडे या वैरात सर्वांत आधी बळी पडले. एकाच पेशव्याच्या दोन सरदारांनी परस्परांच्या शहरांवर चालून जावे, ही मराठेशाहीच्या उतरणीची खूण होती.

१८०३च्या इंग्रज-मराठा युद्धानंतर शिंद्यांचे दोआब आणि दिल्लीकडील प्रदेश गेले. उरलेल्या मुलखाच्या दृष्टीने ग्वाल्हेरचा अभेद्य किल्ला अधिक मोलाचा ठरला. १८१०मध्ये दौलतरावांची छावणी त्या किल्ल्याच्या पायथ्याशी पडली आणि पुन्हा उठली नाही. छावणीचेच शहर झाले आणि त्याचे नावही लष्कर असेच राहिले. बिनीवाल्यांनी आखलेले रस्ते बाजारपेठा झाले आणि डेऱ्यांच्या जागी वाडे उभे राहिले. लष्करमधील मुख्य चौकाला आजही महाराज बाडा म्हणतात. मराठी वाडा हिंदी बोलीत बाडा झाला. डेरा ते वाडा हा प्रवास उज्जैनमध्ये अर्धवट राहिला आणि लष्करमध्ये पूर्ण झाला. १८७४मध्ये जयाजीराव शिंद्यांसाठी मायकेल फिलोज याने युरोपीय शैलीचा जयविलास महाल बांधला. तेथे चौकाची जागा दरबार हॉलने घेतली. सरदाराचे घर आता संस्थानिकाचा महाल झाले होते.

कालियादेह महाल

उज्जैनमध्ये शिंद्यांच्या निवासाची सर्वांत देखणी वास्तू त्यांनी मुळात बांधलेली नाही. शहराच्या उत्तरेस सुमारे आठ किलोमीटरवर क्षिप्रेचा प्रवाह दुभंगतो आणि मध्ये बेट तयार होते. स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात येथील सूर्यस्थानाचा महिमा वर्णिलेला आहे. सूर्यकुंड आणि ब्रह्मकुंड ही नावे त्याच परंपरेतील. १५व्या शतकात हा प्रदेश मांडूच्या सुलतानांकडे होता. महालाच्या उभारणीचे साल १४५८ असे सांगितले जाते. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात त्याचे श्रेय सुलतान नासिरुद्दीन खिलजीला दिले आहे. नासिरुद्दीनची कारकीर्द १५०० ते १५१०च्या सुमाराची असल्याने बांधकाम टप्प्याटप्प्याने झाले असावे.

महालाची कल्पना पाण्याभोवती रचलेली आहे. नदीचे पाणी बांध घालून अडवले आहे आणि ते दगडी पाटांतून, वळणावळणाच्या नागमोडी नाल्यांतून व लहानमोठ्या कुंडांतून खेळवले आहे. या कुंडांची संख्या बावन्न सांगतात. एका कुंडातून दुसऱ्यात उतरताना पाणी दगडी पायऱ्यांवरून पसरट पडते आणि उन्हाळ्यातही आसपासची हवा थंड राहते. मुख्य इमारतीच्या मध्यभागी मोठा घुमट आहे. त्याच्या भोवती दालने आणि लांब ओवऱ्या आहेत. ही घडण पर्शियन पद्धतीची आहे. मांडूच्या जहाज महालातही पाणी हा वास्तूचाच घटक मानला होता. त्याच विचाराचे हे नदीवरचे रूप आहे. अकबर आणि जहांगीर येथे येऊन गेले आणि येथील फारसी शिलालेखांत त्यांच्या भेटीची नोंद आहे.

पेंढाऱ्यांच्या धामधुमीत महालाची मोडतोड झाली आणि पुढे शंभर वर्षे तो पडीक राहिला. १९२०मध्ये माधवराव शिंद्यांनी त्याची डागडुजी करून तो राहण्याजोगा केला. त्याच राजांच्या काळात १९२३मध्ये सवाई जयसिंहांच्या वेधशाळेचीही दुरुस्ती झाली. शिंदे घराण्याने येथील सूर्याच्या स्थानाचाही जीर्णोद्धार केला. पुराणातील तीर्थ, सुलतानाचा जलमहाल, मोगल बादशहाचा मुक्काम आणि मराठा राजाचा निवास असे चार थर एका बेटावर साचले आहेत. वाड्याच्या चौकातला हौद येथे मोठा होऊन अख्खी नदी झाला आहे. या महालाने शिंद्यांना शहराबाहेरचे घर दिले आणि महाकालाच्या नगरीत राजाने मुक्काम न करण्याची श्रद्धाही सांभाळली गेली.

कोठी आणि नंतरचा उपयोग

संस्थानी काळाच्या अखेरीस निवासाला कोठी हा नवा शब्द आला. वाड्याचे तोंड आत चौकाकडे असते, कोठीचे तोंड बाहेर बागेकडे. दुतर्फा व्हरांडे, उंच दालने, मोठ्या खिडक्या आणि गाडी थेट दाराशी येईल असा पोर्च ही तिची वैशिष्ट्ये. उज्जैनमधील कोठी महाल हा या प्रकारचा असून स्वातंत्र्यानंतर त्यात जिल्हा प्रशासनाची कचेरी होती. १९३१मध्ये ग्वाल्हेर दरबाराने उज्जैनला हस्तलिखितांच्या संग्रहासाठी प्राच्यविद्या संस्था स्थापन केली. ती शिंदे घराण्याच्या नावाने ओळखली जाते. संस्कृत, प्राकृत आणि अन्य भाषांतील पोथ्या तेथे जमा झाल्या. वाड्यातील दफ्तरखान्याचे हे सार्वजनिक रूप.

२८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर संस्थान मध्य भारत संघराज्यात आले आणि १९५६मध्ये उज्जैन मध्य प्रदेशाचा भाग झाले. सरदारनिवासांना आता नवे उपयोग मिळाले. महाकालाशेजारच्या महाराजवाड्यात अनेक वर्षे शाळा भरत होती. जामगावचा महादजींचा वाडाही रयत शिक्षण संस्थेकडे जाऊन विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडला. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल लोक या मंदिरपरिसराच्या विकासप्रकल्पाचे उद्घाटन झाले आणि मंदिराच्या भोवतालचा सारा परिसर नव्याने आखला गेला. या विकासाच्या ओघात महाराजवाड्याचे पर्यटकांसाठी निवासात रूपांतर करण्यात आले.

उज्जैनच्या सरदारनिवासांचे आज चार अवशेष मोजता येतात. महाकालाशेजारी महाराजवाडा, बाजारात वाड्याच्या आराखड्यावर बांधलेले गोपाल मंदिर, नदीच्या बेटावर कालियादेह आणि शहरात कोठी. त्यांच्या जोडीला रामघाटावर राणोजींची छत्री आहे. पहिल्यात सरदाराचे नाव उरले आहे, दुसऱ्यात त्याच्या घराचा आकार, तिसऱ्यात त्याने सांभाळलेला आणखी जुना वारसा आणि चौथ्यात संस्थानिकाची बदललेली राहणी. विटा-लाकडाचे मूळ घर काळाबरोबर गेले. देवळांत आणि घाटांवर घातलेला दगड मात्र आजही रोजच्या पूजेत आणि स्नानात वापरला जातो.